नऊ मिनिटं भरली का?

शाळेच्या मुलांचा खो-खो संघ मी बरीच वर्षं घेतो आहे. सरावात वेळ मीच बघायचो, मोबाइलवर. चार वर्षांपूर्वी जिल्हा स्पर्धेत आमचा उपांत्य सामना होता. पहिली सहा-सात मिनिटं पोरांनी सुरेख आक्रमण केलं. मग खो उशिरा मिळू लागले, दिशा चुकू लागल्या, पंचांची शिट्टी सारखी फाउलसाठी वाजू लागली. शेवटच्या दोन मिनिटांत एकही गडी बाद झाला नाही आणि सामना गेला. मी मुलांना रागावलो, ‘तुमचा दम कमी पडतो, पहाटे पळायला जा.’ ते बोलणं आज मलाच टोचतं.

कारण पुढच्याच आठवड्यात एका पालकांनी सरावाचा व्हिडिओ दाखवला. शिट्टीपासून शिट्टीपर्यंत पूर्ण पाळी त्यांनी टिपली होती. लांबी होती ७ मिनिटं १२ सेकंद. आमच्या गटाची पाळी ९ मिनिटांची! माझं लक्ष खो देणाऱ्यांकडे असायचं, मोबाइलचा पडदा काळा व्हायचा, मधेच फोन यायचा आणि खिशात ठेवताना बोट लागून घड्याळ शून्यावर जायचं. मग मी अंदाजाने शिट्टी मारायचो, त्यात अंधार पडू लागला की आणखी लवकर. मुलांना सवय सात मिनिटांची लावली होती आणि सामन्यात दम नऊ मिनिटांचा मागत होतो.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: शिकवणाऱ्याने वेळ बघायची नाही. बाहेर बसलेला राखीव खेळाडू वेळाधिकारी, आणि शिट्टीही त्याच्याच हातात. मी मधे थांबवून कुणाला काही सांगू लागलो, तरी घड्याळ थांबवायचं की नाही हे त्याने मला विचारायचं.

साधनाला फार पैसे लागत नाहीत. गळ्यात अडकवायचं स्टॉपवॉच मी अडीचशे रुपयांत घेतलं. तेवढेही नसतील तर एखाद्या मुलाच्या मनगटावर डिजिटल घड्याळ असतंच, त्यात बहुधा स्टॉपवॉच असतं. स्वयंपाकघरातला उलटी वेळ मोजणारा टायमरही चालतो, पण २७ मीटर लांबीच्या मैदानावर त्याचा आवाज टोकापर्यंत पोचत नाही; तो वाजला की शिट्टी मारायला माणूस हवाच. मोबाइलच वापरायचा तर तो फ्लाइट मोडवर टाका, पडदा चालू राहील असं करा आणि खिशात ठेवू नका. पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी. स्टॉपवॉचचा जादा सेल किटबॅगेत असू द्या. आमचं एकदा ऐन सरावात बंद पडलं होतं.

खरा फायदा मात्र पळणाऱ्यांचा झाला. खो-खोत संरक्षकाची किंमत त्याने मैदानात काढलेल्या वेळेवर ठरते, आणि ती वेळ मी कधी लिहिलीच नव्हती. आता तिघांची तुकडी आत शिरली की वहीत वेळ पडते, प्रत्येक गडी बाद झाला की पुन्हा पडते. स्वस्त घड्याळात एका वेळी एकच स्प्लिट दिसतो, म्हणून बटण दाबणारा एक आणि लिहिणारा दुसरा. सेकंदापर्यंत नोंद पुरे. एका शांत मुलाला मी कायम तिसऱ्या तुकडीत ठेवायचो. वही बघितली तर सगळ्यांत जास्त टिकणारा तोच होता! आज तो पहिल्या तुकडीत असतो.

स्पर्धेला निघण्याआधी पाळी किती मिनिटांची हे आयोजकांना विचारून घ्या. दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या पहिल्या विश्वचषकात ती ७ मिनिटांचीच होती. ज्या वेळेला उतरायचं, त्याच वेळेचा सराव हवा.

आणि घड्याळ आणण्याआधी एक करा. आज संध्याकाळी एक पाळी कुणाला तरी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत मोबाइलवर टिपायला सांगा आणि तुमची नऊ मिनिटं किती भरतात ते बघा.