लोकर विकू नका, सूत विका

आमच्या माण तालुक्यात पाऊस कमी आणि माळरान उदंड, त्यामुळं मेंढरं कशी राखावीत हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. पण मेंढरांचा मोठा वाडा घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरणं निराळं आणि शेती सांभाळत घरामागं वीसेक मेंढ्या ठेवणं निराळं. मी दुसऱ्यातली. हल्ली शिकलेली पोरं विचारायला येतात, त्यांना सांगते तेच इथं लिहिते.

१. आधी जात ठरवा. जत भागातली माडग्याळ मेंढी पाहिली की कुणालाही मोह पडतो. उंचीपुरी, बाकदार नाकाची, आणि कोकरू बघता बघता अंग धरतं. पण तिच्या अंगावर लोकर म्हणावी अशी नसतेच. कोकरंही हवीत आणि सूतही, तर काळी दख्खनी घ्या. अंगानं लहान असली तरी माळावरच्या वाळक्या काडीवर तगते.

२. जुळ्यांचा हिशेब दुधाशी घाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. वाण चांगलाच आहे. पण नुसत्या चरणीवर जुळी पोसत नाहीत. मेंढी पाच महिने गाभण असते, त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात भरडा आणि पेंड सुरू करायलाच हवी, नाहीतर सडात दूध उतरत नाही.

व्यायच्या वेळी जवळ असावं. पहिलं कोकरू चाटण्यात मेंढी गुंग असते आणि दुसरं तिच्या मागं ओल्या मातीत पडतं. नाक-तोंड पुसायचं, नाळेला आयोडीन लावायचं आणि तासाभरात चीक पाजायचा. तोंडात बोट घालून आतून गरम लागतंय का बघायचं. गार पडलेल्या कोकराला आधी ऊब, मग दूध. मेंढीनं एखादं झिडकारलं तर दोघांना एका डालग्याएवढ्या जागेत कोंडायचं आणि दोन-तीन दिवस तिला धरून पाजायचं. बहुतेक वेळा ती घेते.

३. लस वळवाआधी. पहिल्या पावसाचं कोवळं लुसलुशीत गवत मेंढरं अधाशासारखी खातात आणि त्यातूनच आंत्रविषार होतो. संध्याकाळी धडधाकट असलेलं कोकरू सकाळी मेलेलं सापडतं, औषधाला सवडच मिळत नाही. म्हणून लस मे महिन्यात. आणखी एक, जे दुकानदार सहसा सांगत नाही: गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना देऊ नका. त्यातलं तांबं मेंढीला सोसत नाही, ते यकृतात साठत जातं.

४. उक्ता सौदा नको. व्यापारी कमरेवर हात दाबून भाव सांगतो आणि त्याचा हात नेहमी त्याच्याच बाजूनं अंदाज करतो. लटकवायचा काटा घ्या. बकरी ईदेसाठी नर राखायचे असतील तर त्यांचे कान कापू नका, शिंगं जपा. अंगात खोड असलेला मेंढा ते गिऱ्हाईक घेत नाही. शिवाय ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, तेव्हा मेंढा कळपात कधी सोडायचा हे कॅलेंडर बघून ठरवा. मेंढा दर दोन वर्षांनी बदला, म्हणजे तो आपल्याच लेकींवर जात नाही.

५. आता लोकर. घर कोकरांवर चालतं, हे आधी मान्य करा. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा किलोच्या आसपास लोकर देते, तीही राठ. कच्ची विकली तर कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही. म्हणून कित्येक जण ती बांधावर फेकून देतात. मला ते बघवत नाही.

कातरणीआधी मेंढ्या ओढ्यात धुवून घ्याव्यात आणि पुरत्या वाळू द्याव्यात. पाठीची लोकर वेगळी ठेवायची, पोटापायाची वेगळी. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, ही तर कशातच मिसळायची नाही. सगळ्यात मऊ तीच. मग गोखरू आणि कुसळं वेचायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथं चुकारपणा केला की पिंजताना काटा पेळूत जातो आणि कातताना बरोबर तिथंच सूत तुटतं. सोडा-साबण लावून लोकर लख्ख करू नका. तिचा थोडा तेलकटपणा राहिला तरच धागा सरळ निघतो.

कातणं मी आत्यांकडून, म्हणजे सासूबाईंकडून शिकले. त्या सुताकडं बघत नाहीत. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत जाडी कळते म्हणतात. उभ्या धाग्याला पीळ जास्त, आडव्याला कमी. उभा ढिला कातला तर घोंगडी विणणारा सनगर परत पाठवतो, कारण चिंचोक्याची खळ लावून ताणताना तो टिकत नाही. असं कातलेलं सूत कच्च्या लोकरीच्या कितीतरी पट भावानं जातं.

६. घोंगडी घेणाऱ्यांसाठी. बाजारात मिलच्या भेसळ सुताच्या घोंगड्या ‘अस्सल’ म्हणून खपतात. दशीचा एक धागा मागून जाळा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. आणि खरी मिळाली तर भावात घासाघीस करू नका.