घरोट आणि जाते

जळगाव जिल्ह्यातील एका शाळेत मराठीचा तास चालू होता. गुरुजींनी जात्याचे चित्र दाखवून विचारले, "हे काय आहे?"

मागच्या बाकावरील एक मुलगा चटकन म्हणाला, "घरोट!"

वर्गात हशा पिकला. मुलगा खजील होऊन खाली बसला.

गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर 'जाते' आणि 'घरोट' असे दोन्ही शब्द लिहिले व ते म्हणाले, "मुलांनो, 'घरोट' हा शब्द आपल्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेत आहे. त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे या गावी झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, घरोटावर दळताना त्या आपल्या बोलीत गाणी रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते. त्यांनी व एका आप्ताने ती गाणी वहीत उतरून घेतली. ग्रंथांची भाषा सोपानदेवांना उत्तम अवगत होती. तरीही गाण्यांतली आईची बोली त्यांनी जपली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती गाणी प्रसिद्ध झाली आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले."

एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग आम्ही पुस्तकातली भाषा कशासाठी शिकायची?"

"आपण घरी 'मले' म्हणतो, मालवणचा मुलगा 'माका' म्हणतो, पुण्याचा 'मला' म्हणतो. एकाने लिहिलेले पत्र सर्वांना कळावे, म्हणून प्रमाणभाषा शिकावयाची. घरची बोली विसरण्यासाठी नव्हे. आईजवळ बोली होती, म्हणून गाणी जन्मली. मुलाजवळ अक्षर होते, म्हणून ती टिकली."

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने वही आणली. आजीला विचारून त्याने बोलीतले वीस शब्द लिहिले होते. प्रत्येकासमोर प्रमाण शब्दासाठी जागा मोकळी होती. काल हसलेली मुलेच आता त्याच्याभोवती जमली आणि अर्थ विचारू लागली. वहीतला पहिला शब्द होता 'घरोट'.

स्वाध्याय
१. सोपानदेवांनी आईची बोली का जपली असावी?
२. तुमच्या घरच्या बोलीतील दहा शब्द वडीलधाऱ्यांना विचारून लिहा व त्यांचे प्रमाण मराठी शब्द द्या.