रोहीच्या पाठीवरचा कोतवाल: एका फोटोला खर्च किती?

रोहीच्या पाठीवर बसलेल्या कोतवालाचा चांगला फोटो हवा असेल, तर वणीकराला सफारीची गरज नाही. वणी-मारेगाव पट्ट्यातल्या तूर-कपाशीच्या शिवारात रोही सकाळ-संध्याकाळ हमखास दिसतो. आशियातला हा सर्वांत मोठा कुरंग (अँटिलोप) आपल्या धुऱ्यावर उभा असताना लोक हजारो रुपये मोजून गेटवर रांग लावतात, याचं मला वाईट वाटतं. खरा पैसा लागतो तो लेन्सला.

आधी काय टिपायचं ते ठरवा. जनावराच्या अंगावरच पोट भरणारा ऑक्सपेकर फक्त आफ्रिकेत सापडतो, तिथल्या फोटोसहलीचा खर्च लाखांत जातो. आपल्याकडे हे काम तीन-चार पक्ष्यांनी वाटून घेतलंय. रोही चालला की गवतातून नाकतोडे उडतात, त्यांच्यावर कोतवाल पाठीवरून झडप घालतो. गायबगळा पायाशी चालत तेच खातो. साळुंकी आणि कावळा मात्र थेट अंगावरचे गोचीड टिपतात. कानामागचा गोचीड काढून घेताना रोही मान खाली घालून स्वस्थ उभा राहतो. मिळवायचा तो हाच क्षण.

मोकळ्या रानात रोही माणसाला फार जवळ येऊ देत नाही, म्हणून किमान 400 मिलिमीटरची लेन्स हवी. पाठीवरचा पक्षी नीट दिसायला 600 बरी. नवा ब्रिज कॅमेरा, उदाहरणार्थ निकॉनचा पी 950, साधारण साठ-सत्तर हजारांत येतो. भर उन्हात तो चांगलं काम देतो, पण उजेड उतरला की दाणेदार फोटो येतात. नवा मिररलेस कॅमेरा आणि 100-400 लेन्स घेतली तर दीड लाखाच्या आसपास जाल. माझी शिफारस वापरलेल्या मालाची: जुना डीएसएलआर वीस-पंचवीस हजारांत आणि सिग्मा किंवा टॅमरॉनची 150-600 लेन्स पन्नास-साठ हजारांत. घेताना लेन्सच्या मागून टॉर्च मारून समोरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. खरेदीआधी नागपुरातून एक-दोन दिवस भाड्याने आणून बघा. दिवसाला हजाराच्या आसपास भाडं आणि वर अनामत, एवढा खर्च पुढची मोठी चूक वाचवतो.

ट्रायपॉडवर पैसे घालू नका. जुन्या जीन्सचा पाय कापा, एक तोंड शिवा, आत तूर किंवा सरकी भरा आणि दुसरं तोंड शिवून टाका. गाडीच्या खिडकीच्या काचेवर ही पिशवी ठेवली की दोन किलोची लेन्स हलत नाही. ब्लोअर आणि मायक्रोफायबरचं कापड मात्र घ्याच, तीन-चारशे रुपयांत होतं. कोळशाच्या ट्रकांची धूळ काचेवर बसते, ती शर्टाच्या टोकाने पुसली की कायमचे ओरखडे. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पेट्रोलचा हिशेब सोपा आहे. मोटरसायकलवर साठ किलोमीटरची फेरी दीडशे रुपयांत होते. पण बसायला चारचाकीच बरी, कारण रोही उभ्या गाडीला माणसापेक्षा कमी बुजतो. शिवाय वणी-झरी भागात वाघाचा वावर आहे. अंधुक उजेडात तुरीत दबा धरून बसू नका, वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. पावसात पांदणीत गाडी घालू नका. काळी माती चाकात बसली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि त्या दिवसाचा सगळ्यांत मोठा खर्च तोच ठरतो.

जागा शोधायला लेंड्यांचा ढीग पाहा. रोही पुन्हा पुन्हा त्याच जागी लेंड्या टाकायला येतो, त्यामुळे ताजा ढीग दिसला की वाऱ्याची दिशा बघून लांब गाडी लावा. सोयाबीन निघाल्यापासून तूर कापेपर्यंतची सकाळ उत्तम. नर काळपट निळा, त्यावर काळा कोतवाल मिसळून जातो. तोच कोतवाल भुऱ्या मादीच्या पाठीवर उठून दिसतो, म्हणून मादीवर नजर ठेवा. पांढऱ्या गायबगळ्यासाठी एक्स्पोजर थोडं कमी करा, नाहीतर पिसं नुसती पांढरीफटक येतात.

काळवीटच हवा असेल तर वाशीम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ अभयारण्य गाठा. क्षेत्र 18 चौरस किलोमीटरच्या आसपास, गवताळ माळ. वणीहून यवतमाळमार्गे जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे कारला अडीच-पावणेतीन हजारांचं पेट्रोल. टिपेश्वर जवळ आहे, पण तिथे जिप्सी बहुतेक वेळ वाघामागे धावते आणि रोहीजवळ थांबा म्हटलं तर सहप्रवासी कुरकुरतात. गेलातच तर प्रवेश, जिप्सी, गाईड आणि कॅमेरा अशी चारही शुल्कं आधी विचारून घ्या, आणि पूर्ण जिप्सी आपल्या ओळखीच्यांत वाटून घ्या.

मेलेला रोही दिसला, भोवती कावळे-घारी जमल्या, तरी जवळ जाऊ नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि लांबूनच फोटो काढा. खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका.

शेतात पाय ठेवण्याआधी शेतकऱ्याला विचारणं फुकट आहे, आणि ते कधीही टाळू नका. तारेला झटका मशीन जोडलंय का, हेही त्यालाच विचारा. तुम्ही ज्या रोहीचं कौतुक करता, त्यानेच रात्री त्याची तूर खाल्लेली असते, हे लक्षात ठेवून बोला. कळप पिकात असतानाचे तारीख-वेळ असलेले फोटो त्याला देऊन टाका. नुकसानभरपाईचा अर्ज तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे जावा लागतो, आणि पंचनाम्याच्या वेळी असे चार फोटो हाताशी असले तर त्याला स्वतःचं म्हणणं मांडायला आधार मिळतो. स्टुडिओतून छापून घ्यायला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत.