माकडहाड आणि खिडकीची जागा

पावसाळा लागला की आमच्याकडे एक तक्रार हमखास वाढते. कुणी बावखलाच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, शेवाळलेल्या काठावरून घसरलेलं असतं, कुणी स्टेशनच्या ओल्या जिन्यावर दाणकन आपटलेलं. चालताना फारसं दुखत नाही. बसलं की कळ, आणि उठताना तर डोळ्यांत पाणी. बायकांमध्ये हे दुखणं पुरुषांच्या साधारण पाचपट आढळतं, आणि त्याच ते सांगायला सर्वांत जास्त लाजतात.

कण्याच्या तळाशी पाच मणके विशी-पंचविशीपर्यंत जुळून एक त्रिकोणी हाड होतं, ते त्रिकास्थी. कमरेच्या दोन हाडांमध्ये ते पाचरीसारखं घट्ट बसलेलं असतं, हललंच तर जेमतेम दोन-चार अंश. त्याच्या टोकाला तीन ते पाच चिमुकल्या मणक्यांचं माकडहाड. आपल्याला त्यात माकडाचं शेपूट दिसलं, ग्रीकांना कुक्कू पक्ष्याची चोच. ‘कॉक्सिक्स’ हे नाव तिथलंच. शेपूट गेलं तरी काम उरलंय. ओटीपोटाचा तळ पेलणारे स्नायू या हाडाला धरून असतात, आणि बाळंतपणात ते मागे सरून बाळाला वाट देतं.

बसताना आपण तिपाईवर असतो: बुडाची दोन हाडं आणि तिसरं हे. बसल्यावर ते साधारण 5 ते 25 अंश हलतं. पुढे झुकलं की भार पुढच्या दोन हाडांवर जातो, मागे रेलून घसरलं की माकडहाडावर. म्हणून लोकलने विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर खिडकीपाशी घसरून झोपणाऱ्याचा मला हेवा वाटत नाही. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धा लटकणाऱ्याची कंबर भरून येते, पण माकडहाड बहुधा सुटतं!

पडल्यावर पहिले दोन दिवस बर्फ, मग शेक. मागे खाच असलेली उशी घ्या. गोल रिंगेचा उपयोग कमी. दर अर्ध्या तासाने उठा. कुंथावं लागेल इतकं पोट साठू देऊ नका. ‘हाड बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. बहुतेकांना काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत आराम पडतो. एक्स-रे चांगला आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. झोपवून काढलेल्या फोटोत हाडाची हालचाल कळत नाही, त्यासाठी एक उभ्याने आणि एक बसून काढावा लागतो.

ताप, तिथे पू किंवा गाठ, रात्री झोपमोड करणारी वेदना असेल तर दाखवा. मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.