अंगणवाडीत पहिलं पाऊल



जून आला की आपल्या तलमडुगूत ३ वर्षांची लेकरं अंगणवाडीत जायला लागतात. आपण पाटी, डबा, नवे कपडे सगळं बघतो, पण एक गोष्ट राहून जाते. घरात मराठी आणि तिथे तेलुगू! आपल्यातल्याच एका ताईंचा नातू पहिला आठवडाभर तहानलेलाच घरी यायचा. तिथे पाणी होतं, टीचरही मायाळू होत्या. पण मागायचं कसं, हेच त्याला कळेना.

म्हणून आधीपासूनच एवढं करूया :

१) "नीळ्ळू" म्हणजे पाणी, "आकली" म्हणजे भूक. हे शब्द खेळता खेळता शिकवावेत.

२) लेकरू शू-शीला काय म्हणतं, ते टीचरला सांगून ठेवावं.

३) "येते हं, जेवण झालं की न्यायला येईन" असं सांगूनच निघावं, आणि वेळेवर पोहोचावं. नजर चुकवून निघालो तर लेकराचा भरवसा जातो.

४) तेलुगू लवकर यावी म्हणून घरातली मराठी बंद करू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं, असंच म्हटलं आहे.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा शाळाच आदिवासी लेकरांच्या अंगणात नेली. आपण निदान घराचं अंगण लेकरासोबत शाळेपर्यंत पोहोचवूया.

या आठवड्याची सेवा : शेजारच्या एका नव्या आईला हे समजावून सांगायचं.