पाण्याचा हक्क आणि पाण्याची शुद्धता

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवताना आम्ही दोन तारखा फळ्यावर लिहितो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. एका ओंजळीवर कायद्याची मोहोर उमटण्यास दहा वर्षे लागली. परंतु हा धडा तेथेच संपत नाही. ज्या पाण्यावर आपला हक्क आहे, ते पिण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हा त्याचा उत्तरार्ध होय.

आपल्या संविधानात पाणी हा विषय राज्यसूचीत आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. पुढे संसदेने अनुच्छेद २५२ अन्वये १९७४ चा जल कायदा संमत केला. तो आपल्या राज्याने १ जून १९८१ पासून स्वीकारला. या कायद्यातील ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. तीत नदी तर आहेच, शिवाय भूगर्भातील पाणी आणि सध्या कोरडा असलेला जलमार्गही आहे. म्हणजे उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्यात रसायन ओतणाऱ्यास ‘तेथे पाणीच नव्हते’ ही सबब सांगता येत नाही.

कायद्याची रीत अशी : सांडपाणी सोडण्यापूर्वी मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते. हे बंधन कारखान्यांप्रमाणेच नगरपालिकांनाही आहे. मंडळ पाण्याचे नमुने घेते. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्याचा सामू सर्वसाधारणपणे ५.५ ते ९ या दरम्यान आणि जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. नियमभंग झाल्यास उद्योग बंद करण्याचा, त्याची वीज व पाणी तोडण्याचा आदेश निघू शकतो.

ही सारी व्यवस्था नळाच्या तोंडाशी उभी आहे. पावसाच्या पाण्याला मात्र असे एक तोंड नसते. रस्त्यावरचे तेल, उकिरड्याचा घाण रस, शेतातील खते व कीटकनाशके घेऊन ते चारी दिशांनी नाल्यात उतरते. पहिल्या पावसाचे पाणी म्हणूनच अधिक दूषित असते. शहरातील पर्जन्यजलवाहिन्यांचे काम स्थानिक संस्थांकडे असते, आणि त्यांचा विचार बहुधा पाणी किती वेगाने वाहून जाईल एवढाच होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा मुंबईच्या जुन्या वाहिन्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटर पावसाची होती. ती ५० करण्याचे काम पुढे हाती घेण्यात आले. ते आवश्यकच होते. परंतु पावसासाठी बांधलेल्या नाल्यांतून बारमाही मलजल वाहत राहिले, तर वाहिनी रुंद करून मिठी नदी स्वच्छ होत नाही.

या त्रुटीची किंमत प्रथम कोण मोजतो? नाल्याकाठच्या वस्तीतील बालके, आणि गटारातील गाळ उपसणारा सफाई कामगार. त्यांत आपली माणसे किती आहेत, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये प्रदूषणमुक्त पाणी हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. १९८८ च्या दुरुस्तीने साध्या नागरिकासही, साठ दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात फिर्याद करण्याचा मार्ग खुला केला आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांत आज अभियंते आहेत, वकील आहेत, नगरसेवकही आहेत. आपल्या गावच्या नाल्यात काय काय सोडले जाते आणि त्याचे संमतीपत्र कोणाकडे आहे, एवढे दोन प्रश्न त्यांनी पावसाळ्यापूर्वी लेखी विचारावेत. ओंजळ भरण्याचा हक्क पूर्वजांनी मिळवून दिला. त्या ओंजळीतील पाणी निर्मळ राखण्याचे काम आता आपले आहे.