'सर्व स्वीकारा' म्हणजे नेमके काय स्वीकारा?



मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडले की खालून एक पट्टी वर येते. 'आम्ही कुकीज वापरतो' असे तिच्यावर बहुधा इंग्रजीत लिहिलेले असते. 'सर्व स्वीकारा' हे बटण ठळक रंगात, आणि नाकारण्याचे बटण फिकट किंवा दोन पाने आत. डोंबिवलीहून सुटलेल्या जलद लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरलेला माणूस दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने काय दाबणार? पट्टी एकदाची जावी म्हणून तो 'सर्व स्वीकारा' दाबतो. ही त्याची संमती झाली काय, याचा आज आपण विचार करू.

कुकी हे नाव बिस्किटाचे असले तरी ती असते एक चिठ्ठी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने ती तयार केली. संकेतस्थळाला मुळात स्मरणशक्ती नसते. पान बदलले की आपण कोण हे ते विसरते. म्हणून ते आपल्या ब्राउझरमध्ये ही चिठ्ठी ठेवते आणि पुढच्या वेळी ती वाचून आपल्याला ओळखते. तिकीट काढताना प्रत्येक पानावर पुन्हा पासवर्ड द्यावा लागत नाही, तो या चिठ्ठीमुळे. इथवर गैर काही नाही.

अडचण आहे ती तिऱ्हाइताच्या चिठ्ठीची. आपण बातम्यांचे पान उघडतो तेव्हा त्यातला जाहिरात कंपनीचा तुकडाही उघडतो, आणि तीही आपली चिठ्ठी ठेवून जाते. तीच कंपनी औषधांच्या, कर्जाच्या, लग्न जुळवणाऱ्या पानांवरही हजर असते. दुकानदाराने आपल्या गिऱ्हाइकाला ओळखणे वेगळे, आणि ठाण्याच्या गोखले रोडवर प्रत्येक दुकानाच्या दारात एकच माणूस वही घेऊन उभा असणे वेगळे. त्याला आपले नाव ठाऊक नसेलही. पण या फोनवर सकाळी मधुमेहाविषयी वाचले, दुपारी सोनेतारणाचे व्याज पाहिले, रात्री दुसरी नोकरी शोधली, एवढे त्याला पुरते. अ‍ॅपमध्ये चिठ्ठीऐवजी फोनचा जाहिरात क्रमांक वापरतात. काम तेच.

'फादर, आमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?' असे अनेक जण विचारतात. त्यांनी ठाण्यातलेच एक प्रकरण आठवावे. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. लोकांच्या फोन कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकल्याचा आरोप त्यांच्यावर होता. अशा तपशिलात बोललेला एक शब्दही नसतो. कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या टॉवरजवळून फोन केला, एवढेच असते. तरीही त्याला बाजारभाव असतो. संसारातल्या संशयाला आणि धंद्यातल्या चढाओढीला तेवढे पुष्कळ होते. लपवण्यासारखे काही नसलेल्या माणसालाही आपली वही परक्याच्या हातात आवडत नाही.

मात्र एक फरक आहे. तिथे आरोप चोरीछुप्या मार्गाने तपशील मिळवल्याचा होता. इथे आपल्याच अंगठ्याने परवानगी दिली, असे कंपनीला दाखवता येते.

बळजबरीने किंवा अज्ञानापोटी केलेले कृत्य स्वेच्छेचे नव्हे, असे अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वीच सांगितले. आपल्याला हे लग्नविधीतून परिचयाचे आहे. वधूवर सजूनधजून वेदीसमोर उभे असतात, नातेवाईक जमलेले असतात, तरीही तुम्ही स्वखुशीने आला आहात ना, असे पुरोहित विचारतोच. धाकाने दिलेली संमती चर्चच्या कायद्यात संमती ठरत नाही. नुसते वेदीसमोर उभे राहणे पुरत नाही, मग नुसते बटण दाबणे कसे पुरेल?

न्यायालयांनीही हाच धागा धरला आहे. जर्मनीतील प्लॅनेट४९ या कंपनीने ऑनलाइन सोडत काढली होती. त्या अर्जात कुकीजच्या परवानगीच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली होती. नको असेल त्याने ती काढायची. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ही संमती नव्हे असा निकाल दिला. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यानुसार संमती मोकळेपणाने, माहिती घेऊन, ठरावीक कारणापुरती आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असावे. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील बावीस भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याची सोय हवी. त्यात मराठी आहे, कोंकणीही आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले; संमतीची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात आणण्याचे त्यात ठरले.

अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवणे यालाही हा कायदा मनाई करतो, काही सवलती सोडून. पण मूल आईच्या फोनवर आईच्या नावाने खेळत असेल, तर ते मूल आहे हे कोणाला कळणार?

इंटरनेट न वापरणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. बिलाच्या खिडकीवर मोबाइल क्रमांक मागतात, मॉलमध्ये बक्षिसाचे कूपन भरून घेतात, आणि आठवडाभरात शीळ रस्त्यावरचा फ्लॅट विकणाऱ्याचा फोन येतो. क्रमांकासाठी ग्राहकाला अडवून धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावले आहे. 'क्रमांक देणार नाही, बिल द्या' असे सरळ म्हणावे. त्यात उद्धटपणा नाही.

फोनवर करण्यासारखे फार नाही, पण आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तिऱ्हाइतांच्या कुकीज बंद करता येतात. सफारी त्या आपणहून अडवते. क्रोममध्ये ते आपल्यालाच करावे लागते, कारण त्या हद्दपार करण्याचा २०२० मध्ये जाहीर केलेला बेत गूगलने नंतर सोडून दिला. अँड्रॉइड फोनमध्ये प्रायव्हसीखाली जाहिराती या भागात जाहिरात क्रमांक पुसता येतो. आयफोनवर अ‍ॅपने माग काढू का असे विचारले, तर नकार द्यावा. अ‍ॅप तरीही चालते.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी मिस्सानंतर आपल्या युवकांपैकी कोणाला तरी फोन दाखवावा. पासवर्ड मात्र त्यांनाही सांगू नये.